दुसरा विषय भीतीपोटी घेऊ नका

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. सोलापुरात एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि मोहल्ल्याच्या लेखी एवढ्यावरच मी शिक्षणातला जाणकार ठरतो. पूर्वी प्रश्न ठरलेला असायचा: "सर, पोराला कोणती लाईन द्यायची?" आता त्यात नव्या प्रश्नाची भर पडली आहे: "एकच मेजर घ्यायचा की डबल?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. एका फीमध्ये दोन विषय मिळत असतील तर एकच का घ्यायचा? एकावर एक फुकट मिळत असताना एकच वस्तू घेऊन घरी येणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसरा विषय जरूर घ्यावा, पण पहिल्यावर भरवसा नाही म्हणून घेऊ नये. भरवसा नसेल तर पहिला विषय बदलावा. दोन अर्धवट विषयांची बेरीज एक पूर्ण विषय होत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण निम्मी चर्चा त्या घोळातच वाया जाते. तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट 'डबल' म्हणतात.

पहिली गोष्ट म्हणजे मेजर आणि मायनर. नव्या शैक्षणिक धोरणाचा साचा महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. त्यात एक मुख्य विषय आणि सोबत एक छोटा दुय्यम विषय असतो. ही सोय सगळ्यांनाच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे खरा डबल मेजर. पदवी एकच, पण तिच्यात दोन विषय जवळजवळ बरोबरीने. तिसरी गोष्ट म्हणजे एकाच वेळी दोन स्वतंत्र पदव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये याला वाट मोकळी करून दिली. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही पदव्या कॉलेजात बसून करता येतात. एक कॉलेजात आणि एक दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येते, किंवा दोन्ही दूरशिक्षणाने करता येतात. पीएच.डी. मात्र यात बसत नाही.

डबल विषय ही काल-परवाची कल्पनाही नाही. मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला सहा पेपर एकाच विषयाचे घ्यायचे किंवा तीन-तीन पेपर दोन विषयांचे, अशी सोय जुन्या काळापासून होती. इतिहास-राज्यशास्त्र, अर्थशास्त्र-समाजशास्त्र अशा जोड्या करून कितीतरी लोक पदवीधर झाले. तेव्हा त्याचा गाजावाजा नव्हता, एवढाच फरक.

आता गणित पाहू. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. मुख्य विषयाला त्यातले किमान निम्मे, म्हणजे ६० लागतात. दुसराही विषय मेजर म्हणून पदवीवर हवा असेल तर त्याला किमान ४० टक्के, म्हणजे ४८ लागतात. साठ आणि अठ्ठेचाळीस मिळून झाले १०८. उरले १२. भाषा, कौशल्याचे पेपर, इतर शाखेतला विषय, इंटर्नशिप या सगळ्यांनाही क्रेडिट हवेतच. म्हणजे एक तर जास्तीचे क्रेडिट घ्या, नाही तर चौथं वर्ष काढा. विद्यापीठागणिक साचा थोडा बदलतो, म्हणून कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. महाविद्यालयाकडून विद्यापीठाचं परिपत्रक मागून घ्या आणि प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी ते वाचा. एवढं केलं तरी एक गोष्ट लक्षात येते. दुसरा विषय फुकट नाही. त्याची किंमत रुपयांत कमी असेल, पण वेळेत पुरेपूर आहे.

आणि वेळ हीच वस्तू आपल्या पोरांकडे सगळ्यात कमी असते. क्रेडिटचा हिशेब तासांचा असतो. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये वर्गातले पंधरा तास, प्रात्यक्षिक असेल तर तीस. हा फक्त वर्गातला वेळ. घरी बसून वाचण्याचा वेगळा. माझ्या वर्गातली मुलं दुपारी कॉलेज सुटलं की कोणी मेडिकलच्या दुकानात, कोणी गॅरेजवर, कोणी मामाच्या मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीवर जातं. मुलींची पाळी घरात लागते: धाकट्या भावंडांचा अभ्यास, आजीची औषधं, संध्याकाळचा स्वयंपाक. तालुक्याहून एसटीने येणाऱ्यांचे दोन-अडीच तास रस्त्यावरच जातात. अशा पोराने दोन मेजर घेतले तर तो झोपेतून वेळ काढतो, आणि झोपेतून काढलेला वेळ फार दिवस पुरत नाही.

असाच एक विद्यार्थी मला आठवतो. वडील यंत्रमागावर कामाला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मुलगा. अर्थशास्त्र त्याला मनापासून आवडायचं. कोणीतरी सांगितलं की नुसत्या अर्थशास्त्राने काही होत नाही, कॉम्प्युटरही घे. रात्री अकरापर्यंत दुकानात आणि सकाळी सातला कॉलेजात, असं वर्षभर चाललं. निकाल आला तेव्हा दोन्ही विषयांत एटीकेटी. पोरगा मठ्ठ नव्हता, थकलेला होता. पुढच्या वर्षी त्याने कॉम्प्युटर मायनर म्हणून ठेवला आणि अर्थशास्त्रात मन घातलं. पदवी वेळेत हातात आली. आज तो एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि त्या मायनरमध्ये शिकलेलं आकडेमोडीचं तंत्र रोज वापरतो. दुसरा विषय त्याच्या उपयोगी पडलाच. फक्त त्याला पदवीवर मेजर म्हणून मिरवायची गरज नव्हती.

पालकांच्या मनातली भीती मात्र मला खोटी वाटत नाही. तिला आकड्यांचा आधार आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तर शिक्षणात पन्नासांमागे एक. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत २०१९-२० साली एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचा वाटा ५.५ टक्के होता; २०२०-२१ मध्ये तो ४.६ टक्क्यांवर आला. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढतं, त्या घराला वाटणारच की हा एकच फासा आहे, तो दोन्ही बाजूंनी पडला पाहिजे. पण नेमकं याच कारणासाठी मी सावध राहायला सांगतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्यांच्या मुलाचं एक वर्ष वाया गेलं तर घर सावरून घेतं. आपल्याकडे एक वर्ष वाया गेलं की चुलते म्हणतात, "बस हुआ, अब दुकान पे बैठ." दोन मेजरच्या हव्यासात हातची एक पदवी जाते, ती अशी.

मग दोन विषय शिकूच नयेत का? तसं मुळीच नाही. आपल्याच मातीत याची उत्तम उदाहरणं आहेत, फक्त त्यांतून काय शिकायचं ते नीट पाहिलं पाहिजे.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे. हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवीधर झाले, फर्ग्युसनमध्ये आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितात काम केलं. त्यांनी प्राचीन नाण्यांची वजनं तोलली, त्यांना संख्याशास्त्र लावलं आणि त्यातून इतिहासात शिरले. भारतीय इतिहासावरचं त्यांचं १९५६ चं पुस्तक आजही वाचलं जातं. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे एक प्रश्न होता, आणि तो एका विषयात मावत नव्हता.

बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला पोहोचले तेव्हा त्यांनी खरोखरच दोन शिक्षणं एकदम धरली. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ पर्यंत बॅरिस्टरीही झाली आणि डी.एस्सी.ही. बाबासाहेबांसारख्या बुद्धीच्या माणसाला, तेही मधल्या खंडासकट, सात वर्षं लागली. अडचण बुद्धीची नव्हती. पैशाची आणि त्यामुळे वेळेची होती. आपल्या पोराकडून तीन वर्षांत तेच मागताना हे आठवावं.

अल्लामा इक्बाल १९०५ मध्ये युरोपात गेले. १९०८ मध्ये परतले तेव्हा त्यांच्यापाशी केंब्रिजची पदवी, म्युनिकची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट आणि लिंकन्स इनची बॅरिस्टरी होती. पुढे वर्षानुवर्षं लाहोरात वकिली करून त्यांनी घर चालवलं, आणि शायरी व तत्त्वज्ञान वकिलीच्या बाजूने चालत राहिलं. म्हणजे रोजीचा विषय एक आणि जिवाचा विषय दुसरा, अशीही जोडी असू शकते. पण त्यांना कोणता विषय कशासाठी आहे याची स्पष्ट कल्पना होती. आपल्याकडे ती नसते. आपण दोन्ही विषय रोजीसाठी घेतो आणि जिवाचा विषय बारावीतच सोडून देतो.

माझं खरं म्हणणं इथे आहे. आपल्या मुलांनी दुसरा विषय घ्यायचाच असेल तर भाषेचा विचार सगळ्यात आधी करावा. उर्दू, मराठी, फारसी, अरबी यांना आपण 'त्यात काय, त्या येतातच' म्हणून बाजूला सारतो. एका विद्यार्थिनीला बी.कॉम.सोबत उर्दूची पदवी करायची होती. तिचे अब्बा शिवणकाम करणारे, स्वभावाने फार भला माणूस. ते मला म्हणाले, "सर, उर्दू तो घर में बोलतीच है, उसकी फी कायकू?" मी त्यांना एवढंच विचारलं की तुम्ही रोज कपडे घालता म्हणून तुम्हाला कापता आले होते का, की त्यासाठी उस्तादाकडे बसावं लागलं? ते हसले. मुलीने बी.कॉम. कॉलेजातून केलं आणि उर्दू दूरशिक्षणाने. आता ती एका कर सल्लागाराकडे काम करते. जुने व्यापारी वडिलांच्या काळातल्या उर्दू वह्या आणि करारपत्रं घेऊन आले की त्या कार्यालयात ती एकटीच ते कागद वाचू शकते.

हे उदाहरण छोटं वाटत असेल तर मोठं घ्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. निजामकाळातले दप्तर उघडलं तर कागद मोडीत आणि उर्दूत. ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. इतिहास आणि उर्दू, किंवा इतिहास आणि मराठीसोबत मोडी, अशी जोडी घेतलेले तरुण प्रत्येक जिल्ह्यात असते तर? वक्फचे जुने कागद, इनामांच्या सनदा, जमिनीचे खटले यांतही कायदा जाणणारे वकील मिळतात, पण तो कागद वाचता येणारा वकील विरळा. दोन विषय जिथे एकमेकांना भेटतात तिथे माणसं कमी असतात आणि काम भरपूर असतं. दोन विषयांची खरी ताकद तिथे आहे.

शिक्षक व्हायचं असेल तर वेगळी वाट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींचं हे स्वप्न असतं. बी.एड.ला दोन विषयांच्या अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात, त्यामुळे पदवीला दोन विषय नीट केलेल्यांना ते सोपं जातं. आता बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. त्यात एक मेजर शिक्षणशास्त्राचा आणि दुसरा निवडलेल्या विषयाचा असतो. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड. मिळून पाच वर्षं होतात, ती इथे चारांत बसतात. हा डबल मेजर मी बिनदिक्कत घ्यायला सांगतो, कारण त्यात दोन्ही विषयांना एकाच कामाकडे जायचं आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलतो. घराघरात ती माहीत असते, पण कोणी उच्चारत नाही. काही मुली दुसरा विषय शिकण्यासाठी मागत नाहीत. त्यांना एक वर्ष हवं असतं. तीन वर्षांची पदवी संपली की लग्न ठरलेलं. डबल मेजर किंवा चौथं वर्ष घेतलं तर लग्न बारा महिने पुढे जातं. मी त्या मुलींना दोष देत नाही. ज्या घरात 'मला अजून लग्न करायचं नाही' हे वाक्य चालत नाही, त्या घरात 'माझा अजून एक मेजर राहिलाय' हे वाक्य चालतं. पण पालकांना सांगतो, मुलीला एक वर्ष मागायला अठ्ठेचाळीस क्रेडिटचं ओझं उचलावं लागत असेल तर ते ओझं तिने अभ्यासापायी उचललेलं नाही, तुमच्यापायी उचललेलं आहे. तिला ते वर्ष तसंच द्या. ती कदाचित एकच विषय घेईल आणि त्यात पहिली येईल. आणि लग्न झालंच मधे, तर शिक्षण तिथेच थांबत नाही. क्रेडिट बँकेत जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. निकाहाच्या बोलणीत मेहर आणि दागिन्यांसोबत ही गोष्टही दोन्ही घरांनी ठरवून घ्यावी.

मग निर्णय कसा करायचा? घरी बसून तीन प्रश्न विचारा. एक, हे दोन विषय कोणत्या कामात एकत्र येतात? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर दुसरा विषय मायनर म्हणून पुरे. दोन, दररोजचे जास्तीचे दोन तास कुठून येणार? दुकानातून, घरकामातून की प्रवासातून? जो वेळ सोडणार आहे त्याने, मग ते अब्बा असोत, भाऊ असो की अम्मी, ते समोर बसून कबूल करावं. तीन, दोन्हींपैकी एक सोडायची वेळ आली तर कोणता सुटेल? हे आधीच ठरलेलं असेल तर सोडताना अपयश वाटत नाही. तिन्ही उत्तरं मुलाने किंवा मुलीने स्वतः द्यायची आहेत. आत्याच्या जावयाने काय केलं, हे त्यात धरायचं नाही.

शेवटचं मागणं समाजातल्या संस्थांकडे आहे. दरवर्षी जून-जुलैत आपल्या जमाती, तालिमी कमिट्या आणि मंडळं गुणवंतांचे सत्कार करतात. शाल, ट्रॉफी, फोटो, बिर्याणी. मीही अशा मंचांवर बसलो आहे आणि मुलांचे उजळलेले चेहरे पाहिले आहेत, त्यामुळे सत्कार बंद करा असं म्हणत नाही. पण त्या ट्रॉफी घेऊन घरी गेलेल्या मुलाला रात्री दिव्याखाली बसायला जागा नसते. एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, धाकटं रडतंय. मोहल्ल्यात रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका काढा. मुलींसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी खोली ठेवा. दहा खुर्च्या, चार ट्यूबलाइट, इंटरनेटचं एक कनेक्शन. एखाद्या शादी हॉलच्या वरचा रिकामा मजलाही चालेल. रोजचे ते दोन तास मिळाले तर कोणाला दोन मेजर झेपतील आणि कोणाला एकच, हे मुलं स्वतः ठरवतील. ते तास मिळाले नाहीत तर आयोगाने दिलेली सवलत आपल्यासाठी कागदावरच राहील.